भंगारात दिलेल्या चार रिम

वसंता गेला तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.

आज वर्ष झालं. थकलोय, तरी लिहितो.

वसंता म्हणजे मिसरोदचा गॅरेजवाला, मूळ वर्ध्याचा. माझ्या जुन्या जीपचा डॉक्टर आणि माझा दोस्त.

रिटायर झाल्यावर मला हौस सुटली. जीपची चाकं आत गेलेली दिसायची, कवळी काढलेल्या तोंडासारखी. मोबाइलवर व्हिडिओ बघून स्पेसर मागवले. चाक ज्यावर बसतं तो हब आणि रिम यांच्या मधली जाड चकती, चाक बाहेर ढकलणारी. माझे मीच बसवले.

"काढ बे ते," वसंता म्हणाला. "बेअरिंग खाईल."

काढले.

आणि महिन्याभरात ऑफसेट रिम लावून त्याच्यापुढे हजर! चकतीच नाही. रिमची घडणच अशी की चाक तेवढंच बाहेर.
वाटलं, शाबासकी मिळेल.

त्याने पाण्याची भरली बादली माझ्या हातात दिली. "छातीशी धर. आता हात लांब कर."

हात थरथरला. पाणी बुटांवर. गिऱ्हाइकं हसली.

"बादली तेवढीच आहे ना? मग खांदा काऊन दुखते? बेअरिंगला डोळे नसतात भाऊ. मधे चकती आहे का रिमच तशी, त्याले काय समजते? चाक बाहेर गेलं, बोजा वाढला. बस."

"मी तुझ्याकडे शिकायला नाही आलो."

"मंग कायले आला?"

जुन्या चार रिम गाडीतून काढून त्याच्या दारात टाकल्या. "भंगारात दे," म्हणालो आणि निघालो.

सहा-सात महिन्यांत डाव्या पुढच्या चाकातून घरघर सुरू झाली. स्पीड घेतला की जास्त.
बेअरिंग गेलं, हे मला कळलं होतं. पण जायचं कसं?

त्याच्या गॅरेजच्या अलीकडे गाडी हळू करायचो. आवाज त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.
या वयात हे धंदे.

उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं चाललं होतं. एका दुपारी तो जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

तेराव्याला वहिनी मला गॅरेजच्या मागे घेऊन गेल्या. ताडपत्री बाजूला केली.
माझ्या चार रिम. घासून, रंग देऊन ठेवलेल्या. वर नव्या बेअरिंगचं खोकं.

"तुमची गाडी गेली की कान लावून बसत होते," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, अजून आठ दिवस, मग येतेच तो."

रिम आणि बेअरिंग मीच बसवलं, बाग सेवनियातल्या माझ्या घरापुढे. दोन दिवस लागले. त्याला दोन तास पुरले असते.

जीप आता गप्प चालते.
गॅरेज आलं की पाय मात्र अजून ब्रेकवर जातो.

तुझं बरोबर होतं बे, वसंता. तोंडावर सांगायचं राहून गेलं.

जा आता निवांत. या अडेलतट्टू दोस्ताची तुला मनापासून श्रद्धांजली.