हंसराजाला दिलेला ताण

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, कचेऱ्यांची कपाटं भोपाळच्या वाटेला लागली आणि त्यांच्या मागोमाग माझ्या थोरल्या बहिणीचीही बदली तिकडे झाली. ती नागपूरला सरकारी शाळेत शिकवत होती. पण आमचं घर सौंसरचं, आणि सौंसर मध्यप्रदेशात राहिलं, म्हणून तिचं नावही तिकडच्या वाट्याला गेलं. जाण्याआधी ती बसमधून एक कुंडी मांडीवर घेऊन माझ्याकडे उतरली. कुंडीत हंसराज होता.

हंसराज हा नेच्यातला नाजूक प्रकार. तारेसारखे काळे, चकचकीत देठ आणि त्यांवर कोथिंबिरीसारखी पानं. पचमढीच्या एका ओढ्याकाठून तिनं तो मुळासकट आणला होता आणि नागपूरच्या खोलीत मोरीजवळ जपला होता. भोपाळात तिला अजून डोकं टेकायला जागा नव्हती.

"पुढच्या भाऊबीजेले येईन तेव्हा घेऊन जाईन. तोवर जित्ता ठेव," ती म्हणाली. "थंडी सोसत नाही याले."

"मी काय मारून राहिलो त्याले, ताई?"

"मारणार नाही तू. विकशील. सांभाळणं तुह्या हातात नाही."

हे ती हसत बोलली, पण मला झोंबलं. घरात एकाच्याच शिक्षणापुरती ऐपत होती तेव्हा ती शाळेत गेली आणि मी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर संत्र्याच्या करंड्या उचलल्या. तिथून बागा पारखायला शिकलो, भाव करायला शिकलो, घर बांधलं, परसात विहीर खोदली. हे सगळं सांभाळल्याशिवाय झालं होतं काय? पण मास्तरीणबाईंपुढे कोण बोलणार. मी मनाशी ठरवलं की हे झाड हिला जित्तंच परत देईन आणि मग काय ते बोलेन.

निघताना तिनं एक देठ पाण्यानं भरलेल्या तांब्यात वाकवून बुडवला आणि सोडला. पान कोरडं होतं. मी माल हातात घेतल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवत नाही. पान चिमटीत धरून पाहिलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा कोरडं. एवढंसं पान, फुंकरीनं थरथरणारं, आणि पाणी त्याला शिवू शकत नव्हतं. ती बसमध्ये बसून गेली तरी मी तांब्यापाशीच उकिडवा बसलो होतो.

थंडी वाढली तसा मी कुंडी घेऊन रामाकोन्याला सासऱ्यांकडे गेलो. संत्र्याच्या बागेत त्यांचा शब्द चालायचा. कुंडी पाहून ते म्हणाले, "जवाईबुवा, पाणी पाजून पाजून लाडावून ठेवलं तुमच्या बहिणीनं. पाणी तोडा, मुळ्या उघड्या करा. ताण बसला का थंडी काय करते त्याले?"

आमच्याकडे संत्र्याला थंडीत असाच ताण देतात. पाणी बंद करून बुंध्याजवळची माती ओढतात. झाड मलूल होतं, पानं गाळतं, आणि पुन्हा पाणी सोडलं की फुलांनी लगडतं. ज्या माणसानं हयातभर हे केलं त्याचं मी का ऐकू नये? मी पाणी तोडलं. पानं वळली, कडा तपकिरी झाल्या. मी मनात म्हटलं, ताण बसतो आहे.

मग एका पहाटे दव गोठलं. परसातल्या गवतावर मीठ पसरल्यासारखं दिसत होतं. हंसराजाची पानं हात लावताच चुरली. मी तिथूनच रामाकोन्याच्या दिशेनं तोंड करून सासऱ्यांचा उद्धार केला.

"माह्या बापाले काहून शिव्या देता?" बायको विहिरीवरून म्हणाली. "ते संत्र्याचं सांगतात. हे संत्रं आहे काय?"

तिच्यावर ओरडायला मी वळलो. ती विहिरीच्या कठड्याशी उभी होती आणि विहिरीतून वाफ वर येत होती. चुलीवरच्या भगोण्यातून यावी तशी, सावकाश, तिच्या कोपरांभोवती. मी तिनं काढलेल्या बादलीत हात घातला. पाणी कोमट होतं. सगळं रान गारठून पांढरं पडलेलं आणि माझ्याच परसात जमिनीच्या पोटातून ऊब वर येत होती, कोणी न मागता. इतकी वर्षं हे पाणी प्यायलो, अंगावर घेतलं. पण त्याकडे पाहिलं असं त्या दिवशीच.

मी करंडीत गवत अंथरून कुंडी ठेवली आणि दोरानं विहिरीत पाण्याच्या थोडी वर सोडली. रोज ओढून पाहायचो. पण एकही कोंब नाही. होळीपर्यंत वाट पाहिली, मग झाड उपटून फेकलं, कुंडी आपटली आणि घरात बजावलं की त्या झाडाचं नाव कोणी काढायचं नाही.

भाऊबीजेला ताई आली. तिनं काही विचारायच्या आतच मी सुरू झालो. "मेलं तुह्यं झाड. ओरड काय ओरडायचं ते. घेऊन जायचं होतं भोपाळले तेव्हाच."

तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. तोंड धुवायला विहिरीवर गेली, बादली सोडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"इकडे ये," ती म्हणाली. तो मास्तरणीचा आवाज होता.

मी गेलो. विहिरीच्या आतल्या दगडी बांधणीत, फटीफटीतून, हंसराज उगवला होता. एक नाही, दोन नाही. जिथे करंडी लोंबत होती तिथून खाली पाण्यापर्यंत दगड दिसत नव्हता. नखाएवढी, बोटाएवढी पानं, वाफेच्या वाटेवर सगळीकडे.

"याले बी नसते," ताई हळू बोलली. "पानाच्या काठाखाली भुकटी असते, तिच्यातून उगवते हे. वाळता वाळता सोडून गेलं ते."

"मी तं पावसाळ्यापासून पाहून राहिली," बायको मागून म्हणाली. "पण नाव काढू देत होते काय तुम्ही?"

ताईनं पदर खोचला आणि चिमटा मागितला. एक झुपका काढून भोपाळला न्यायचा होता तिला.

"आता नाही," मी म्हणालो. "हिवाळा तोंडावर आहे. वर काढलं का मरते ते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ये, तेव्हा काढू."

तिनं खोचलेला पदर सोडला. मग चिमटा न घेताच बादली ओढू लागली, आणि मी दुसऱ्या हातानं दोर धरला, कारण बादली पानांना घासत होती.