गाडीखालचा पेपर

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या गेटवर होते. मागे व्हॅनमध्ये मुलांचा नुसता कल्ला. भाचीच्या "मावशी…" वरूनच कळलं. तरी सगळी मुलं आत सोडली, एका चिमुरडीची राहिलेली पाण्याची बाटली तिच्या गळ्यात अडकवली आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. ताई असती तर म्हणाली असती, "आधी काम उरकलंस ना? आता रड खुशाल."

त्याला पाच आठवडे झाले. भेटायला येणारा जो तो म्हणतो, "सुटली बिचारी." माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सुटली कसली? शालनताई बिचारी कधीच नव्हती आणि सुटायचं तर तिच्या मनातही नव्हतं. हॉस्पिटलात शेवटच्या संध्याकाळी तोंडावरचा मास्क बाजूला करून, धापा टाकत तिने मला विचारलं काय, तर "गाडीखाली पेपर घातलास?" मी चिडलेच. "खड्ड्यात गेली गाडी. तू बरी हो आधी." तर म्हणे, "गाडी खड्ड्यात गेली तर खाशील काय गो बाय?" तिचं माझं हेच शेवटचं बोलणं…

ताई मरोळच्या एका गाळ्यात पॅकिंग कापायची. इंजिनाचे दोन भाग जोडताना मधून तेल-पाणी गळू नये म्हणून जाड कागद बसवतात, तेच पॅकिंग. उभा जन्म तिने त्यात घालवला. माझा नवरा मला सोडून गेला तेव्हा मुलुंडला शाळेच्या मुलांची ने-आण करायला ही जुनी व्हॅन तिनेच घ्यायला लावली. "भावाच्या दारात उभी राहू नकोस, स्वतःच्या गाडीत बस," म्हणाली. बसले. आणि पहिल्याच वर्षी मुलं आत असताना गाडी तापून बंद पडली. इंजिनातलं पाणी ज्या झाकणाखालून रेडिएटरकडे जातं, तिथून ते गळत होतं. मेकॅनिकने आदल्याच आठवड्यात तिथे गळती बुजवायची पेस्ट थापली होती, कडेने ओघळ येईपर्यंत. ताई कामावरून तशीच आली, झाकण उघडलं आणि आतून पेस्टचे लांबच लांब तुकडे ओढून काढले. तेच पाण्याच्या वाटेत अडकले होते. मेकॅनिक हसत म्हणाला, "ताई, तुम्ही घरी चपात्या लाटा ना." ती म्हणाली, "लाटते की. मला दोन्ही जमतं. तुला यातलं एक तरी येतं का रे?"

मग तिने जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडला. झाकणावर कोरा कागद धरून छोट्या हातोडीने कडेकडेने टकटक ठोकत गेली, तसा कागद आपोआप आकारात कापला गेला. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. इंजिन चालवून पाहिलं आणि संध्याकाळी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी ते कोरडं निघालं, तेव्हा तेच उचलून चहा पिता पिता आदल्या दिवसाच्या बातम्या वाचत बसली. पुढे दर रविवारी गाडी तपासायला यायची, तेव्हा हेच. ओल्या पेपरात तिला बातमी नसायची, काम असायचं. मला म्हणायची, शिकून घे. मी म्हणायचे, तू आहेस ना. "मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?" यावर मी हसायचे. त्या हसण्याचा आज मला राग येतो.

दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडीखाली इंजिनातलं हिरवं पाणी दिसलं. तीच जागा. भाऊ म्हणाला, "बेबी, आता कोण बघणार तुझी गाडी? विकून टाक, ये आमच्याकडे." प्रेमाने म्हणाला हो, पण मला ताईचं वाक्य आठवलं. भाचीकडून ताईची हातोडी मागून आणली. पॅकिंग कापलं, बसवलं. सकाळी पेपर ओला! एका कोपऱ्यात जुन्या पॅकिंगचा नखाएवढा कपचा राहिला होता. शिव्या घातल्या, स्वतःला आणि ताईलाही, अशी कशी गेलीस म्हणून. पुन्हा सगळं खोललं, पुन्हा खरवडलं, दुसरं पॅकिंग कापलं. दुसऱ्या सकाळी पेपर कोरडा निघाला. मी पार्किंगमध्येच फतकल मारून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सोन्याच्या भावासकट.

तेव्हा 'सुटली' म्हणणाऱ्यांनी कृपा करून येऊ नये. ती हातोडी आता माझ्या सीटखाली असते. आणि हे लिहिलेलं ज्या पुरवणीत छापून येईल ती हातात आली की संध्याकाळी मी ती गाडीखाली पसरणार आहे, ताईचं नाव वर येईल अशी. कोरडी निघाली तर चहाबरोबर तिला मोठ्याने वाचून दाखवीन. ओली निघाली तर पुन्हा खोलीन. गाडी विकणार नाही.