एकविसाव्या शनिवारची मुंगी

शनिवार, २ फेब्रुवारी १९८५. सकाळचे सव्वासात. सौंसर येथील माझ्या अंगणात एका मुंगीने पीठसाखर खाण्यास नकार दिला.

मुलीचे, म्हणजे कुसुमचे, लग्न जमावे म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी (एरवी समंजस) एकवीस शनिवार आंब्याखालच्या लाल मुंग्यांना पीठसाखर घालण्याचा नेम धरला होता. हा शेवटचा शनिवार. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला साखरपुडा. आणि एक मुंगी पिठाला वळसा घालून निघून गेली.

"नेम मोडला. आता पयल्या शनिवारपासून करा लागते. पांढुर्ण्याले निरोप पाठवा," सौभाग्यवतींनी जाहीर केले.

ज्या मंडळींना होकार द्यायला आठ महिने लागले, त्यांना मुंगी रुसल्याचे कळवायचे! मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलेला माणूस. वाकून पाहिले. ती मुंगी नव्हतीच. तो मुंगीचे सोंग घेतलेला कोळी होता. सहा पायांवर चालायचे आणि पुढचे दोन मिशांसारखे हवेत हलवायचे, ही त्याची लबाडी. पिवळ्या फुलात पिवळा होऊन बसणारा कोळीही लबाडच. पण तो कोणाचा साखरपुडा मोडत नाही.

"त्याला आठ पाय आहेत," मी सांगितले.

"दोन मिशा हायत थ्या."

"कोळी पीठ खात नाही."

"तुमाले बरा आजच कोळी दिसून राहिला. पकडून दाखवा."

मी पूर्ण आत्मविश्वासाने चिमटीत धरला. ती मुंगी होती. तिने माझा अंगठा धरला. दुसरा कोळीही मुंगीच निघाला, तिसराही. माझ्या तोंडून शिक्षकाला न शोभणारा शब्द गेला.

"कोळी चावला का?" सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली कुसुम तेव्हा उठली. तिने पिठाच्या कडेला क्षणभर पाहिले, एकीला काडीवर घेतले आणि काडी झटकली. मुंगी खाली पडलीच नाही. धाग्याला लटकून हवेत झुलत राहिली.

"आई, मुंगी धागा सोडते का?"

सौभाग्यवतींनी बराच वेळ धागा न्याहाळला. नेम शाबूत असल्याचे मान्य केले. मग माझ्याकडे वळल्या.

"पोरीले एका झटक्यात समजलं. तुमी शाळेत काय शिकवत होते?"

मी सुजलेल्या तीन बोटांना चुना लावला, आणि उद्या व्याह्यांना नमस्कार करता येईल काय, हे आरशासमोर हात जोडून पाहिले. येत नव्हता.