बुरुल एजेच्या चौकटी

बुरुल एजे आमच्या बिश्केकच्या विमान-तिकिटांच्या कंपनीत फोनवर बसायची आणि मी तिच्या शेजारी; आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला एजे, म्हणजे ताई, म्हणतात. तिच्याइतकं गोड कुणी बोलत नसे, आणि फोन ठेवल्यावर तिच्याइतक्या शिव्याही कुणी देत नसे. "विमान म्हणजे काय याच्या सासऱ्याचं गाढव आहे, हाक मारली की थांबायला?" असं म्हणत ती चहाचा घोट घ्यायची आणि पुढचा फोन उचलायची, "बोला, ऐकतेय."

मग कंपनीने ठरवलं की प्रवाशांना फोनवर, मेसेजवर उत्तरं आता यंत्र देणार. "एजे, तुमचं डोकं पडद्यावर उतरवा," साहेब म्हणाला. चौकटी काढायच्या, बाणांनी जोडायच्या. प्रवासी हो म्हणाला तर हा बाण, नाही म्हणाला तर तो. यंत्राने स्वतःची अक्कल चालवायची नाही. सगळ्यांना तीच वाट, तेच उत्तर, दर वेळी. एजेला हे भलतंच आवडलं.

"माणसाच्या मर्जीवर काही नको गं. माझं डोकं दुखत असलं की मी किती जणांना उगीच नाही म्हटलंय!"

हिवाळाभर ती चौकटीच जोडत बसली. घरी नवऱ्यालाही दाखवायची. ओरोझाली विचारायचा, "यात मी कुठाय?"

"तक्रारींत. आणि कुठे?"

मरणाची चौकट तिने सगळ्यात मायेनं बांधली. घरात कुणी गेलं असेल तर ताबडतोब जागा, दंड माफ, आणि प्रवाशाच्या फोनवर सांत्वनाचा मेसेज. ते शब्द तिने स्वतः, आपल्या भाषेत लिहिले. मला मोठ्याने वाचून दाखवले.

आमच्यात परगावी असलेल्या मुलाला बाप गेल्याचं फोनवर सांगत नाहीत. "जरा बरं नाही, येऊन जा," एवढंच म्हणतात. तो अंगणात आला की वडीलधारे दोन्हीकडून दंड धरतात आणि मग सांगतात. अशी बातमी कुणाला एकट्याने ऐकू द्यायची नसते. अशा मुलासाठी तिकीट मागणाऱ्या नातेवाइकाच्या फोनवरच्या आवाजावरूनच एजेला सगळं कळायचं. ती काही न विचारता कारण 'आजारपण' टाकायची आणि जागा देऊन मोकळी व्हायची. जे कधी विचारावंच लागलं नाही, त्याची चौकट काढायचं तिला सुचलं नाही. आम्हा कुणालाच सुचलं नाही, आणि याचा मला अजून संताप येतो.

वसंतात ओरोझाली बसल्या जागी गेला. मुलगा एल्चिबेक तिकडे परदेशात, येकातेरिनबुर्गला, बांधकामावर. एजेने डोळे पुसले, आवाज सावरला आणि फोन लावला. "बाळा, वडलांना बरं नाहीये. ये." फोन ठेवून ती दिराला म्हणाली, "कालिक, त्याचं तिकीट तू बघ. बाकी काही नको मला. वाटेत त्याला काही कळायला नको. एकदा माझ्या हाताशी येऊ दे."

अंगणात शोकासाठी लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला, आत बायकांची शोकगीतं सुरू झाली. थोड्या वेळाने कालिक आत डोकावला. "वहिनी, तुझं यंत्र म्हणजे सोनं! लगेच जागा दिली."

एजे गाता गाता थांबली. "कारण काय दिलंस?"

"खरं तेच."

तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तिने एल्चिबेकला फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. लागला नाही.

दुसऱ्या दिवशी एल्चिबेक आला. आमच्याकडे पुरुष मोठ्याने आक्रोश करत अंगणात शिरतात. हा मुकाट आला. म्हातारे दंड धरायला पुढे झाले, तर म्हणाला, "राहू द्या. मला माहीत आहे."

एजे तंबूतून धावत आली. "कोण होतं रे तुझ्याजवळ?"

"कुणी नव्हतं. विमानतळावर रांगेत होतो. मेसेज आपल्या भाषेत होता, आई. इतका मायेचा, की वाटलं पलीकडे आपलंच कुणी बसलंय. मी लिहिलं, कधी गेले? तोच मेसेज परत आला. मी लिहिलं, खोटं आहे ना? परत तोच. विमानात चढेपर्यंत मी विचारत होतो."

"ते मी लिहिलं होतं," एजे म्हणाली.



"मग मी विचारत होतो तेव्हा बोलली का नाहीस, आई?"