फक्कीच्या घरात पालखी

आमच्या गावात वर्षातून दोनदा एक अशी मिरवणूक निघायची, जिला ना वाजंत्री ना गुलाल. पुढे टेम्पो. टेम्पोत एक लोखंडी कपाट, एक खाट, गॅसची शेगडी, पाण्याचं पिंप आणि ह्या सगळ्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली सिस्टरची आई. मागून स्कूटीवर सिस्टर. म्हातारी दोन्ही बाजूंना हात हलवत यायची, अगदी निवडणूक जिंकल्यासारखी. गणपतीच्या आधी एकदा आणि शिमग्याच्या आधी एकदा.

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्रातली नर्स, मूळची कोल्हापूरकडची. गावात राहायची काकांच्या चाळीतल्या एका खोलीत, भाड्याने. काका हे गावाचे काका. देवाचे मानकरी, काजूच्या बागा, आणि आवाज असा की देवळासमोर खोकले तर सड्यावरच्या गुरांनी माना वर कराव्यात. सणाला त्यांच्याकडे मुंबईहून पुतणे, भाचे, सुना, नातवंडं येऊन अशी पडत की पाय ठेवायला जागा नसे. मग काका सिस्टरला म्हणत, "बाय, सणापुरतं जरा इकडंतिकडं बघ."

इकडंतिकडं म्हणजे सामान माझ्या गोडाऊनमध्ये आणि माणसं उपकेंद्रात. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा. बांबू, कनाती आणि खुर्च्यांच्या मध्ये सिस्टरचं कपाट उभं राहायचं आणि दोन वेळा तर मी ते चुकून एका साखरपुड्याला पाठवणार होतो.

गेल्या वर्षी गणपतीत म्हातारी उपकेंद्रात बाळंतिणीच्या खाटेवर मुक्कामाला होती. तेवढ्यात खालच्या वाडीतली एक पोर कळा देत आली. म्हातारीने खाट सोडली, बाहेरच्या बाकड्यावर बसली आणि मुलगी झाल्याचं ऐकून आत डोकावून म्हणाली, "माझी खाट घेतलीस, आता नाव तरी माझं ठेव." कुणी ठेवलं नाही. म्हातारीचं नाव पोरीला शोभणारं नव्हतं.

आम्ही सगळे हसलो. सिस्टर हसली नाही. पर्स उघडून तिने मला एक घडी घातलेला कागद दाखवला. बदलीचा अर्ज.

"मंडपवाले, आता आईला टेम्पोत चढवायची नाही मी. गुडघे गेले ओ तिचे. एक तर कुणी हलवणार नाही असं घर मिळू द्या, नाहीतर मी निघाले."

तिच्या आधीच्या नर्सबाई चिपळूणहून एसटीने यायच्या आणि शेवटच्या एसटीने जायच्या. गावातल्या लोकांनी तापसुद्धा एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे आणायचा, असा तो काळ होता.

पण आमच्याकडे उत्तर तयार होतं! ग्रामपंचायतीने नुकतंच ठरवलं होतं की जे गावात काम करतात पण गावात ज्यांचं घर नाही, त्यांच्यासाठी कमी भाड्याची घरं बांधायची. नर्स, शाळेतले मास्तर, वायरमन, काजू कारखान्यातल्या बाया. जागा शाळेमागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर. त्यासाठी सल्लागार समिती नेमली. सरपंच ताई, बौद्धवाडीतले निवृत्त गुरुजी, काका आणि मी. मला का घेतलं विचारलं तर सरपंच ताई म्हणाल्या, "तुम्हाला जागेचा अंदाज असतो." खरं कारण असं की बैठकीच्या खुर्च्या माझ्या होत्या.

त्या बैठका आठवल्या तरी मला अजून हुरूप येतो. आयुष्यभर मी माणसं दोन दिवसांसाठी कनातीखाली बसवली, आणि आता कायमची बसवायची होती! सगळे एकदम बोलायचे. विहीर कुठे, दिवे कुठे, शाळेची घंटा मास्तरांना घरातून ऐकू यावी की न यावी. इंजिनिअरने काढलेला नकाशा टेबलावर पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चहाचे चार कप.

मग भाडेकराराचा मसुदा आला आणि काकांनी घसा साफ केला.

"एक अट घाला. गणपतीत आणि शिमग्यात घरं मोकळी करून द्यायची. नायतरी नोकरदार माणसं सणाला आपापल्या गावी जातात. आपल्या मुंबईवाल्यांची सोय होईल."

आणि काय सांगू, आम्ही माना डोलावल्या! कोकणातल्या घरात गणपतीला दुसऱ्याच्या तळपायाशी तोंड करून कोण झोपलेलं नाही? सरपंच ताईंच्या डोळ्यांत मला त्यांचे धाकटे दीर सहकुटुंब दिसले. मी तर माझ्या मेव्हण्याला मनातल्या मनात सड्यावरच्या शेवटच्या घरात पोचवून आलोसुद्धा.

गुरुजींनी चष्मा काढला. "आपण घरं कामगारांसाठी बांधतोय की पाहुण्यांसाठी धर्मशाळा?"

"गुरुजी, सणाला गाव भरलेलं नको?"

"सिस्टरला गावात धरत नाही वाटतं आपण?"

शेवटी सरपंच ताईंनी तोडगा काढला. शिमग्याला मुंबईची मंडळी गावात असतात, तेव्हा ग्रामसभेतच अटीचं काय ते ठरवू. तोवर अट मसुद्यात तशीच राहील. सिस्टरला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं. मग अर्ज शिमग्यानंतर देते."

आता नकाशाचं सांगतो. तो आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हता, पण तसं कबूल कोण करणार? मीच म्हणालो, "घर कागदावर कशाला बघायचं? सड्यावर फक्कीने आखू. खऱ्या मापाचं. लोक आत उभे राहून बघतील."

कबड्डीचं मैदान आखतात तीच ती पांढरी फक्की. शिमग्याच्या दिवसांत सडा सुकून काळाकुट्ट झालेला असतो. इंजिनिअरने टेप धरली, मी दोरी ताणली, आणि दुपारपर्यंत त्या काळ्या कातळावर एक घर उमटलं. दोन खोल्या, न्हाणीघर, ओटा, आणि जिथे दार तिथे रेषा तोडलेली. मी लांब जाऊन बघितलं आणि टाळी वाजवली. माझ्या कुठल्याही मंडपाला मी कधी टाळी वाजवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, नेहमीप्रमाणे, काकांच्या चाळीपुढे टेम्पो लागला. कपाट चढलं, खाट चढली, म्हातारी खुर्चीसकट चढली. टेम्पो माझ्या गोडाऊनकडे वळणार तोच मागून स्कूटीचा हॉर्न.

"गोडाऊन नको," सिस्टर म्हणाली. "सड्यावर घ्या."

मी स्वतःला कल्पक समजत होतो. तिच्यापुढे मी काहीच नव्हतो. तिने फक्कीच्या घरात संसार मांडला! कपाट भिंतीला लागून, म्हणजे रेषेला लागून. खाट आतल्या खोलीत. शेगडी ओट्याच्या जागी. आणि चहा ठेवला. तासाभरात मुंबईवाल्यांसकट निम्मा गाव सड्यावर.

"सिस्टर, काय हे!" म्हणत काका पुढे आले.

"काका, भिंतीतनं आलात तुम्ही. बाहेर जावा आणि दारातनं या की."

"कुठाय दार?"

"ते काय तिथं. मोडकं समजू नका, उघडं आहे म्हणून दिसंना झालंय."

काका पुटपुटत बाहेर गेले आणि परत भिंतीतूनच आत आले. लोक हसून बेजार. पण हसता हसता लोक ते घर वापरायलाही लागले, आणि मग आम्हाला बैठकांमध्ये जे सुचलं नव्हतं ते दिसायला लागलं. कपाट उघडलं की न्हाणीघराचं दार अडत होतं. खिडकी नेमकी पश्चिमेला, म्हणजे पावसाळ्यात थेट उशीवर पाऊस. गुरुजींनी वाऱ्याची दिशा दाखवली, इंजिनिअरने मान्य केलं, आणि मी पायाने खिडकी पुसून दुसरीकडे काढली. खिडकी हलवणं इतकं सोपं असतं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो!

म्हातारी खाटेवरून म्हणाली, "मागचं दार कुठाय?"

"आजी, ते नकाशात नाही," इंजिनिअर म्हणाला.

"मागचं दार नसंल तर मासळी साफ करून पाणी कुठं टाकू, तुझ्या नकाशावर?"

सरपंच ताईंनी स्वतः पदर खोचून चपलेने रेषा पुसली. मागचं दार झालं.

चहा घेणारे पाहुणे वाढत होते, पण सिस्टरचा चेहरा मात्र मी बघत होतो. ती प्रत्येकाला हसून चहा देत होती आणि मधूनच पर्स चाचपत होती. घर आवडलं म्हणजे काय, अट तर तशीच होती. ग्रामसभा दुसऱ्या दिवशी.

तेवढ्यात खालून ढोल ऐकू आला.

शिमग्यात आमच्या देवाची पालखी घरोघर जाते. खालच्या वाडीतली घरं घेऊन ती वरच्या वाडीला निघाली की सडा ओलांडते. ढोल ऐकल्याबरोबर काका लगबगीने निघून गेले, मानाचा पुढचा खांदा त्यांचा. मीही उतरणीला पळालो. का, ते ऐका. ढोलाचे ठेके दोन. पालखी रस्त्याने चालताना एक, आणि कुणाच्या अंगणात शिरताना दुसरा. तो दुसरा ठेका पडला की खांदेकऱ्यांचे पाय आपोआप घराकडे वळतात. वर्षानुवर्षांची सवय ती. आणि ढोल वाजवणारा पठ्ठ्या एरवी माझ्याच मंडपाचे खांब रोवतो.

त्याच्या कानात मी दोनच शब्द बोललो. त्याने डोळे मोठे केले आणि मग हसला.

पालखी सड्यावर आली. फक्कीच्या घरासमोर आली. आणि ठेका बदलला!

काका मागे-पुढे बघत नव्हते, त्यांचा खांदा पालखीखाली आणि नजर जमिनीकडे. पाय वळले. पालखी नाचत, झुलत घराकडे आली. मघाशी भिंतीतून आत-बाहेर करणारा तो माणूस, खांद्यावर देव घेऊन, रेषेपाशी क्षणभर अडखळला, दोन पावलं बाजूला सरकला आणि बरोब्बर दारातून आत शिरला.

सिस्टरने भराभर पाट मांडला, पालखी टेकली. घरात नारळ नव्हता, तो शेजारी उभ्या असलेल्या एका मुंबईवालीने आपल्या पिशवीतून दिला. ओटी भरली. म्हातारीने खाटेवरूनच हात जोडले. आणि रिवाजाप्रमाणे काका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. त्यांचं गाऱ्हाणं दर घरी तेच असतं, डोळे मिटून, एका दमात.

"बा देवा महाराजा! आज तुझी पालखी ह्या लेकरांच्या दारात आली हाय..."

"व्हय महाराजा!" सगळे ओरडलो.

"ह्या घरातली जी माणसं पोटासाठी लांब गेली हायत, त्यांना सुखरूप घरी आण..."

"व्हय महाराजा!"

"आणि जी माणसं घरात हायत, त्यांना घरातून हलवू नको..."

"व्हय महाराजा!" हे जरा जास्तच जोरात गेलं. माझा आवाज सगळ्यात वर होता.

काकांनी डोळे उघडले. समोर सिस्टर. पुढचं गाऱ्हाणं आलंच नाही.

"काय म्हणाले गं?" म्हातारीने विचारलं.

"हलायचं नाही म्हणाले."

"मी तर टेम्पोतच म्हणत होते."

दुसऱ्या दिवशीची ग्रामसभा माझ्याच मंडपात भरली. अटीचा विषय निघताच काका उभे राहिले. त्यांचा एक पुतण्या मागून म्हणाला, "काका, मग आम्ही गणपतीला झोपायचं कुठे?"

"गप बस. देवापुढं बोललोय मी. ते घर झालं."

गुरुजी हळूच उठले. "काका, तुमचा मोठेपणा. पण आमच्या वाडीत पालखी येत नाही आणि आम्ही तिला बोलावतही नाही. उद्या त्या घरांत आमच्यातला एखादा मास्तर राहील, काजू कारखान्यातली एखादी मुसलमान बाई राहील. त्यांचं घर पालखीवर सोडू नका. अट कागदावरूनच जाऊ दे. सगळ्यांसाठी."

काकांनी मसुद्याचा कागद गुरुजींकडे सरकवला. मग बसता बसता म्हणाले, "लिहा. कुठल्याच सणाला कुणालाच उठवायचं नाय."

हात वर झाले. मी दोन्ही केले, सरपंच ताईंनी एक खाली करायला लावला. सिस्टरने पर्स उघडली, अर्ज काढला आणि चार तुकडे करून परत पर्समध्येच ठेवला. माझ्या मंडपात कचरा नको म्हणून असेल.

बाहेर पडताना काकांनी माझा दंड धरला. "घरं व्हायला वेळ हाय. तोवर सिस्टर माझ्या खोलीतच राहील, सणालासुद्धा. आणि गणपतीत माझी सगळी पलटण तुझ्या मंडपात झोपणार. फुकट."

"कबूल, काका."

"आणि त्या ढोलवाल्याला सांग, हात फार सैल झालाय त्याचा."

आता सड्यावर चिऱ्यांच्या भिंती वर आल्या आहेत, खिडक्या वाऱ्याकडे पाठ करून, आणि प्रत्येक घराला मागचं दार. पण मला आठवतो तो पावसाआधीचा एक दिवस. फक्की अजून अंधुक दिसत होती. मी काजूच्या झाडाआड राहिलेल्या दोऱ्या गोळा करत होतो आणि काका बागेकडे निघाले होते. त्यांची वाट त्या घराच्या बरोबर मधून जाते. रेषेपाशी ते थांबले. इकडेतिकडे कुणी नाही हे बघितलं. मग वळसा घालून दारापाशी आले, चपला काढून हातात घेतल्या आणि आत गेले.

मला राहवेना. झाडाआडून ओरडलो, "काका, सिस्टर घरात नाहीत!"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"ठाव हाय मला," ते म्हणाले, मागच्या दाराने बाहेर पडले, आणि जाताना दार ओढून घेतलं.