एकच सीट बाकी

धाडच्या स्टँडवर रंगराव काळीपिवळी जीप चालवायचा. जीप रिकामी असली तरी "एकच सीट बाकी!" असं ओरडून माणसं गोळा करायचा. आम्ही सगळेच ड्रायव्हर तसं करतो.

त्याची बहीण पूनम डोंगरावरच्या एका महाराजांच्या आश्रमात गेली आणि घरच्यांना ओळख देईनाशी झाली. तिला सोडवायला रंगराव खोटा भक्त होऊन आत शिरला. पहिल्याच दिवशी तिच्या कानात म्हणाला, "तुले न्याले आलो."

संशय येऊ नये म्हणून त्याने जीप आश्रमाला दिली. दर गुरुवारी तो धाडहून नवे भक्त आणू लागला. भरलेली जीप पाहून महाराज सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. आमच्यात त्याला कोण विचारत होतं? पूनमला न्यायचं उद्यावर गेलं, मग राहूनच गेलं.

शेवटी त्याची वाट पाहून ती एकटीच आश्रमातून पळाली. गुरुवारी स्टँडवर त्याची जीप दिसताच धावत आली. "दादा, घरी चाल."

रंगरावने तिला हाताला धरून जीपमध्ये बसवलं. "महाराज वाट पाहून राह्यले," म्हणाला. आणि नेलं तिला परत.

पूनम अजून तिथंच आहे. हा मात्र वर्षभराने शुद्धीवर आला. आता आमच्यात बसतो, पण वर बघत नाही. परवा मी चिडून विचारलं, "काऊन बसवलं बे तिले?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"त्या दिवशी खरंच एकच सीट बाकी होती," तो म्हणाला.