एक पूर्ण लग्न

कोरीट गावच्या लग्नमांडवात शिरताच ओल्या हळदीचा दरवळ अंगावर आला, आणि जाणवलं, साठी गाठली तरी हा गंध मला जवळजवळ अपरिचितच राहिला होता. स्वतःचं लग्न सोडलं, तर हळदीला मी कधी पोहोचतच नसे.

मी रेल्वेत गेटमन. अखेरची बरीच वर्षं खांडबाऱ्याच्या बाजूला. माझ्या फाटकापाशी किती वराती थबकल्या असतील! वाजंत्री थांबे, नवरदेव घाम पुसे, गाडी धडधडत निघून जाई. मग मी फाटक उघडायचो आणि तो सारा आनंद रूळ ओलांडून दिसेनासा व्हायचा. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी आपापले मनोरथ सांगितले. कुणाला तीर्थयात्रा करायची होती, कुणाला केळी लावायची होती. मी म्हणालो, मला एक लग्न पूर्ण बघायचं आहे. सगळे हसले. त्यांना कसं सांगावं, की माझ्या लेकीच्या, सुमनच्या लग्नातूनही मी अक्षता पडताच निघालो होतो? फाटकावरचा जोडीदार गेटमन आजारी पडल्याचा निरोप आला होता, आणि फाटक वाऱ्यावर कसं सोडायचं? तिची पाठवणी मी पाहिली नाही. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. तेच अधिक सलत राहिलं.

आता मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. हळदीच्या दुसऱ्या दिवशी वरातीत सुमनने ओढलं म्हणून मी नाचलो. गुडघे कुरकुरत होते, पण पाय ऐकेनात. अक्षता पडल्या तसं मेव्हण्याने सवयीने विचारलं, "दाजी, तुमनं ताट पह्यले वाढी देऊ का? तुमले निघनं व्हई."

"आज कोठेच जानं नही," मी म्हणालो. "काम सांग."

त्याने जिलबीची परात माझ्या हाती दिली. मी तीन पंगती वाढल्या.

पाठवणीच्या वेळी नवरी आईच्या गळ्यात पडली आणि माझा बांध फुटला. सुमन जवळ आली.

"आप्पा, तुमी रडी ऱ्हायनात?"

"तुन्हा टाइमले रडनं ऱ्हाई गयथं."

तिने माझा हात घट्ट धरला, तो नवरीची गाडी दिसेनाशी झाल्यावरही सोडला नाही.

निवृत्त माणसाला विश्रांती हवी असते, असं लोक समजतात. मी तर त्या दिवशी आयुष्यात कधी नव्हतो इतका दमलो होतो, आणि तृप्त होतो. उन्हं कलली. मांडववाल्यांनी दोर सोडले, खुर्च्या एकावर एक रचल्या. मी मेव्हण्याशेजारी बसून गार झालेला चहा प्यालो, उरलेली पातेली आत नेऊन ठेवली, आणि पाहुण्यांत सर्वांत शेवटी निघालो.